मेलच्या तळाशी आपोआप येणारी ओळ: मोबाईलवरची सिग्नेचर शोधा, बदला, नीट लिहा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असतानाच एखादा व्यापारी तामिळनाडूतल्या मसाला कंपनीला मोबाईलवरून भाव कळवतो. मेल दोन ओळींचा: क्विंटलचा भाव आणि पोत्यांची संख्या. खाली पेढीचं नाव नाही, फोन नंबर नाही. आहे ती एकच ओळ, ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’. तिकडे हा मेल खरेदी विभागातून हिशेब विभागाकडे जातो आणि तिथल्या माणसाला भाव कोणी दिला हे शोधायला जुने मेल उघडावे लागतात. फोन कोणत्या कंपनीचा आहे हे मात्र त्याला लगेच कळलेलं असतं.

साताऱ्याच्या एमआयडीसीतला जॉबवर्क करणारा कारखानदार, मिरजेतला तंतुवाद्य कारागीर, महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरी बागायतदार, पहिल्या नोकरीसाठी अर्ज पाठवणारी कराडची विद्यार्थिनी, या सगळ्यांचे बरेचसे मेल आता फोनवरूनच जातात. लेटरहेड छापताना आपण प्रूफ तीनदा तपासतो, पण रोज जाणाऱ्या मेलच्या तळाशी काय छापून जातंय हे कित्येक वर्षं पाहिलेलं नसतं. ते पाहायला आणि दुरुस्त करायला अर्धा तास पुरतो. फक्त काम क्रमाने करायला हवं.

ही ओळ आली कुठून

४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. हॉटमेलवरून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी ‘तुम्हीही फुकट ईमेल घ्या’ अशा अर्थाची ओळ आपोआप जोडली जायची. मेल लिहिणारा प्रत्येक माणूस नकळत जाहिरात करत होता आणि हॉटमेल झपाट्याने पसरलं. १९९७ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. पुढे ब्लॅकबेरीने तोच मार्ग धरला आणि २००७ मध्ये आयफोन आला तो ही ओळ घेऊनच. आज आउटलुकचं मोबाईल अ‍ॅप ‘गेट आउटलुक फॉर अँड्रॉइड’ असं लिहितं, सॅमसंगचं ईमेल अ‍ॅप गॅलेक्सीचं नाव टाकतं, याहूचं अ‍ॅप स्वतःचं. आउटलुकची ओळ तर थेट अ‍ॅप डाउनलोड करण्याची लिंकच असते. त्या जागेवर तुमचं नाव, पेढी आणि नंबर यायला हवा.

वाचणाऱ्याला त्यातून काय कळतं

या ओळीचा एक खरा फायदा आहे, तो आधी सांगायला हवा. कॅलेब कार आणि चॅड स्टेफानियाक या संशोधकांनी २०१२ मध्ये नेमका याच ओळीवर अभ्यास प्रसिद्ध केला. मेलमध्ये शुद्धलेखनाच्या आणि व्याकरणाच्या चुका असतील, तर तो फोनवरून आलाय हे कळल्यावर वाचणारा पाठवणाऱ्याला जास्त सांभाळून घेतो. तोच चुकांचा मेल कॉम्प्युटरवरून आलाय असं वाटलं तर विश्वास जास्त घसरतो. मात्र मेल मुळात निर्दोष असेल, तर तो कशावरून आला याने फरक पडत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ही ओळ फक्त चुकांवर पांघरूण घालते. आणि तेही अक्षरांच्या चुकांवर. ‘धन्यवाद’मधला द चुकला तर माफ होतं. क्विंटलच्या भावात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर ‘फोनवरून पाठवलं होतं’ हे कोणी ऐकून घेत नाही.

दुसरा संकेत जागेचा. फोनवरून आलेलं उत्तर वाचताना समोरचा धरून चालतो की हा माणूस टेबलापाशी नाही, फाइल समोर नाही, हे तात्पुरतं उत्तर आहे. वकील, डॉक्टर, साइटवर फिरणारे कंत्राटदार यांना हा संकेत कधी कधी हवाही असतो. पण जबाबदारीने, कागद पाहून दिलेल्या उत्तराखाली तीच ओळ आली, तर उत्तराचं वजन विनाकारण कमी होतं.

तिसरा संकेत मात्र कुणालाच नको असतो: या माणसाने आपल्या मेलची सेटिंग्ज कधी उघडून पाहिलेली नाहीत. कोटेशन मागवणाऱ्या कंपनीला किंवा अर्ज चाळणाऱ्या अधिकाऱ्याला एवढंही पुरतं. आणि सगळ्यात जास्त खुपतं ते सांत्वनाच्या मेलखाली. एखाद्याच्या घरी दुःख झालेलं असताना तुमच्या चार ओळींखाली अ‍ॅपची जाहिरात जाते. तुम्ही ती लिहिलेली नसते, पण गेलेली असते तुमच्याच नावाने.

फोनचा ब्रँड लपवण्यासाठी ओळ काढत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक मेलसोबत न दिसणारी माहिती जाते, तिला हेडर म्हणतात. आयफोनच्या मेल अ‍ॅपमधून गेलेल्या मेलच्या हेडरमध्ये ‘एक्स-मेलर’ या नोंदीत ‘आयफोन मेल’ असं लिहिलेलं असतं, सिग्नेचर पुसली तरीही. पाहायचं असेल तर कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तो मेल उघडा, उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. ओळ काढायची ती वाचणाऱ्यासाठी. गुप्ततेसाठी तिचा फारसा उपयोग नाही.

आधी मोजणी करा

बहुतेकांची गल्लत इथेच होते. सिग्नेचर फोनला लावलेली नसते, ती अ‍ॅपला लावलेली असते. एकाच फोनमध्ये जीमेल आणि सॅमसंग ईमेल अशी दोन अ‍ॅप असतील तर दोन सिग्नेचर. घरी टॅब असेल तर तिसरी. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून मेल पाहत असाल तर चौथी. एका ठिकाणी बदलली की बाकीच्या आपोआप बदलत नाहीत.

म्हणून एका कागदावर लिहा: कोणकोणत्या उपकरणांवरून मेल पाठवता, प्रत्येकावर कोणतं अ‍ॅप, आणि त्यात कोणकोणती खाती. मग प्रत्येक अ‍ॅपमधून स्वतःलाच एक मेल पाठवा आणि विषयात अ‍ॅपचं नाव लिहा, ‘चाचणी जीमेल फोन’, ‘चाचणी टॅब’ असं. आलेले मेल उघडून तळाशी काय आहे ते त्याच कागदावर नोंदवा. बऱ्याच जणांना इथेच एखादा बंद पडलेला जुना नंबर किंवा सोडलेल्या नोकरीचा हुद्दा सापडतो.

अ‍ॅपनुसार बदल

जीमेल, अँड्रॉइडवर: अ‍ॅप उघडा, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषा दाबा, खाली सरकत ‘सेटिंग्ज’ला जा, आपलं खातं निवडा. ‘मोबाइल सिग्नेचर’वर दाबून मजकूर लिहा आणि ‘ओके’ करा. रिकामं ठेवून ‘ओके’ केलं की सिग्नेचर निघते. फोनची भाषा मराठी असेल तर ही नावं मराठीत दिसतील, क्रम तोच. दोन खाती असतील तर प्रत्येकात जाऊन वेगळं करावं लागतं.

जीमेल, आयफोनवर: तीन रेषा, ‘सेटिंग्ज’, मग ‘सिग्नेचर सेटिंग्ज’. तिथलं ‘मोबाइल सिग्नेचर’चं बटण चालू करून मजकूर लिहा आणि मागे या.

दोन्हीकडे एक मर्यादा आहे. जीमेलच्या मोबाईल सिग्नेचरमध्ये फक्त साधा मजकूर बसतो. ठळक अक्षरं, रंग, लोगो यांतलं काहीच नाही. अनेकजण कॉम्प्युटरवर लोगोवाली सिग्नेचर बनवतात आणि ती फोनवरही जातेय असं समजून चालतात. ती जातेय की नाही हे वरच्या चाचणीतून पाहूनच ठरवा.

आयफोनचं मेल अ‍ॅप: इथे सिग्नेचर अ‍ॅपमध्ये सापडत नाही, फोनच्या सेटिंग्जमध्ये असते. आयओएस १८ पासून ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’, ‘मेल’ आणि अगदी खाली ‘सिग्नेचर’. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘सेटिंग्ज’मधून थेट ‘मेल’. तिथे ‘ऑल अकाउंट्स’ आणि ‘पर अकाउंट’ असे दोन पर्याय दिसतात. घरचं आणि धंद्याचं खातं एकाच फोनवर असेल तर ‘पर अकाउंट’च निवडा, नाहीतर मुलांच्या शाळेला पाठवलेल्या मेलखालीही पेढीचं नाव जातं. सेव्हचं बटण नसतं, मागे आलात की बदल झालेला असतो.

आयफोनवर ठळक अक्षरांची तयार सिग्नेचर चिकटवली की तिचं रूप बदलतं, फॉन्ट आणि रंग जातात. अशा वेळी चिकटवल्यावर लगेच फोन हलवा आणि ‘अनडू’ विचारलं की हो म्हणा. चिकटवलेला मजकूर राहतो, फक्त आयफोनने केलेला रूपबदल मागे घेतला जातो.

आउटलुक: कोपऱ्यातलं खात्याचं चिन्ह, मग दातेरी चाक, तिथे ‘सिग्नेचर’. काही आवृत्त्यांत ते ‘मेल’ किंवा ‘ईमेल’ या उपविभागात असतं. जाहिरातीची ओळ पूर्ण पुसा, आपला मजकूर लिहा. एकापेक्षा जास्त खाती असतील तर ‘पर अकाउंट सिग्नेचर’ चालू करा.

सॅमसंग ईमेल: तीन रेषा, दातेरी चाक, खात्याच्या नावावर दाबा, ‘सिग्नेचर’. तिथलं बटण पूर्ण बंदही करता येतं. याहूमध्येही खात्याच्या चिन्हावरून सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सिग्नेचर’ सापडते.

कॉम्प्युटरवरचं जीमेल: दातेरी चाक, ‘सी ऑल सेटिंग्ज’, ‘जनरल’ आणि खाली सरकत ‘सिग्नेचर’. इथे एकापेक्षा जास्त सिग्नेचर बनवता येतात. नव्या मेलला कोणती आणि उत्तराला कोणती हे वेगळं ठरवता येतं. नव्या मेलला पूर्ण, उत्तराला फक्त नाव आणि नंबर, अशी विभागणी आम्हाला सर्वात सोयीची वाटते. शेवटी पानाच्या अगदी तळाचं ‘सेव्ह चेंजेस’ दाबलं नाही तर केलेलं सगळं वाया जातं. ‘सिग्नेचर बनवली पण येत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा तेवढंच बटण असतं. दुसरं कारण म्हणजे सिग्नेचर बनवली, पण खालच्या यादीत ‘नो सिग्नेचर’च निवडलेलं राहिलं.

आता मजकूर

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळापासून एक संकेत आहे: सिग्नेचर चार ओळींपेक्षा मोठी नसावी. फोनच्या छोट्या पडद्यावर तो आज जास्तच लागू पडतो. पहिल्या ओळीत नाव. दुसरीत हुद्दा आणि संस्था किंवा पेढी. तिसरीत गाव आणि पिनकोड. चौथीत फोन. हळदीच्या अडत दुकानासाठी ती अशी दिसेल:

(नाव आडनाव)
भागीदार, (पेढीचं नाव), हळद व बेदाणा
मार्केट यार्ड, सांगली ४१६४१६
मोबाईल (देशाच्या कोडसह नंबर)

विद्यार्थिनीच्या अर्जाखाली याहूनही कमी: नाव, पदवी आणि वर्ष, गाव, मोबाईल. ‘सीकिंग ऑपॉर्च्युनिटीज’सारखी ओळ नको, ते अर्जातच लिहिलेलं असतं.

नाव कोणतं लिहायचं याचा विचार करा. आपल्याकडे एकाच माणसाची तीन रूपं फिरत असतात: आडनाव आधी असलेलं शाळेच्या दाखल्यावरचं, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह बँकेतलं, आणि गावात ओळखतात ते. व्यवहाराच्या मेलखाली बँक खात्यावरचं नाव असावं, म्हणजे पैसे पाठवणाऱ्याला नाव जुळवता येतं. अर्जाखाली गुणपत्रिकेवरचं. स्वतःच्या नावाआधी ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ लावू नये, तो मान समोरच्याने द्यायचा असतो. ‘डॉ.’ आणि ‘ॲड.’ चालतात, कारण त्यांतून काम कळतं.

‘कळावे’, ‘आपला विश्वासू’, ‘आपली नम्र’ हे शब्द सिग्नेचरमध्ये पक्के करू नका. पत्राचा शेवट नात्याप्रमाणे बदलतो. तहसीलदारांना ‘आपला विश्वासू’ शोभतं, मामांना ‘आपला आज्ञाधारक’ किंवा नुसतं ‘तुमचा’, वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला ‘कळावे, लोभ असावा’. हे आपोआप आलं की सगळ्यांना एकच माप लागतं, आणि मराठी वाचणाऱ्याच्या ते चटकन लक्षात येतं. एवढे दोन शब्द दर वेळी हाताने लिहा. फार मेल जात असतील तर कीबोर्डची मदत घ्या. आयफोनवर ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘कीबोर्ड’, ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’. अँड्रॉइडवरच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, त्याच्या सेटिंग्जमधलं ‘डिक्शनरी’ आणि त्यात ‘पर्सनल डिक्शनरी’. दोन अक्षरांचा संक्षेप टाइप केला की पूर्ण वाक्य येतं. एका ओळीत बसेल एवढाच मजकूर तिथे ठेवा.

फोन नंबरात हमखास होणारी चूक लँडलाइनची आहे. सांगलीचा कोड ०२३३, साताऱ्याचा ०२१६२. देशाचा कोड लावला की सुरुवातीचं शून्य जातं: +९१ २३३ आणि पुढे नंबर, किंवा +९१ २१६२ आणि पुढे नंबर. ‘+९१ ०२३३’ असं लिहिलं तर परदेशातून लावणाऱ्याचा फोन लागत नाही, आणि बेदाणा किंवा द्राक्षं निर्यात करणाऱ्याला ते महागात पडतं. नंबर प्रत्यक्ष लिहिताना इंग्रजी आकडे वापरा, म्हणजे बाहेरच्या वाचणाऱ्यालाही तो वाचता आणि लावता येतो.

सुविचार, संतवचनं, देवांची चित्रं व्यवहाराच्या सिग्नेचरमध्ये नकोत. दहा वेळा उत्तरं-प्रत्युत्तरं झाली की तोच सुविचार दहा वेळा दिसतो आणि कामाची ओळ त्यात हरवते. ‘हा मेल चुकून मिळाला असल्यास…’ हा लांबलचक परिच्छेदही छोट्या धंद्याला लागत नाही. कंपनीच्या कायदा विभागाने सांगितला असेल तरच ठेवा.

फोनवरून लिहितोय हे खरंच कळवायचं असेल तर अ‍ॅपची ओळ ठेवण्याऐवजी आपल्या शब्दांत सांगा, आणि तेही मेलच्या मजकुरात: ‘सध्या साइटवर आहे, मोजमापं संध्याकाळी ऑफिसमधून पाठवतो.’ यात कारण आहे, पुढचं काम आहे आणि वेळही आहे.

मराठी अक्षरं, दोन आडव्या रेघा आणि लोगो

मराठी सिग्नेचर युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे कोणत्याही फोनवर मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये डीटीपीवाल्याने करून दिलेला मजकूर चिकटवला तर तुमच्या कॉम्प्युटरवर तो मराठी दिसेल, पण तो फॉन्ट नसलेल्या प्रत्येक फोनवर अर्थहीन इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतील. कारण त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांचं चित्र मराठी असतं. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःला पाठवा. तिथे मराठी दिसला तर युनिकोड आहे.

वर्डमधून थेट चिकटवणंही टाळा. वर्ड सोबत बरीच लपलेली मांडणी आणतं, आणि जीमेल १०२ केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापून ‘व्ह्यू एंटायर मेसेज’ अशी लिंक दाखवतं. लांब चाललेल्या मेलमध्ये ही लपलेली मांडणी प्रत्येक उत्तरासोबत वाढत जाते. आधी नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथून उचला.

सिग्नेचरच्या आधी दोन आडव्या रेघा, एक जागा आणि नवी ओळ असा जुना संकेत आहे. तो दिसला की अनेक मेल प्रोग्रॅम पुढचा भाग सिग्नेचर समजतात आणि उत्तरात तो वगळतात. जीमेल कॉम्प्युटरवर तो स्वतः टाकतं. नको असेल तर सिग्नेचरच्या सेटिंगखालच्या चौकटीवर टिचकी मारून तो काढता येतो. आयफोनवर हाताने टाकायला गेलात तर ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ दोन रेघांची एकच लांब रेघ करतं आणि संकेत मोडतो. ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘कीबोर्ड’मध्ये ते तेवढ्यापुरतं बंद करा.

लोगो लावायचाच असेल तर कॉम्प्युटरवरच्या सिग्नेचरला लावा, सुमारे ३०० पिक्सेल रुंद आणि ५० केबीच्या आत. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो डार्क मोडमध्ये दिसेनासा होतो, म्हणून त्यामागे पांढरी पट्टी ठेवा. फोन नंबर चित्रात कधीही नको: तो कॉपी होत नाही, शोधात सापडत नाही आणि चित्रं बंद ठेवणाऱ्याला दिसतच नाही. शिवाय काही ठिकाणी लोगो वेगळ्या जोडणीसारखा दिसतो, आणि समोरचा प्रत्येक मेलमध्ये क्लिपचं चिन्ह पाहून ‘कोटेशन कुठे आहे’ असं विचारतो. पाटण किंवा महाबळेश्वरच्या डोंगरात रेंज कमी असताना हलका मेल निघून जातो, जड मेल आउटबॉक्समध्ये अडकतो.

सिग्नेचर, सही आणि डीएससी

मेलच्या तळाची सिग्नेचर, कागदावरची सही आणि डीएससी या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. ई-टेंडर भरताना कंत्राटदार जो पेनड्राइव्हसारखा टोकन लावतात ती डिजिटल सिग्नेचर, म्हणजे डीएससी. तिला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये स्वतंत्र स्थान आहे. मेलच्या तळाचा मजकूर ती नाही. तो कोणीही टाइप करू शकतो.

तरीही तो पूर्ण बिनवजनाचा नाही. त्याच कायद्यातलं कलम १०-अ, जे २००८ च्या दुरुस्तीने आलं, सांगतं की प्रस्ताव आणि स्वीकार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून करार अवैध ठरत नाही. इंग्लंडमध्ये निओक्लिअस विरुद्ध रीस या २०१९ च्या खटल्यात प्रश्न नेमका आपोआप येणाऱ्या सिग्नेचरचाच होता. विंडरमियर तळ्याकाठच्या जमिनीचा तडजोडीचा व्यवहार वकिलांनी मेलवर ठरवला होता आणि एका बाजूच्या मेलखाली वकिलाचं नाव-हुद्दा आपोआप आला होता. ती सही आहे, असं न्यायालयाने ठरवलं: ओळ आपोआप येत असली तरी ती येण्याची व्यवस्था कोणीतरी जाणीवपूर्वक केली होती. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, आणि जमिनीचं खरेदीखत आपल्याकडे नोंदवावंच लागतं. पण बेदाण्याचा किंवा मशीनच्या सुट्या भागांचा व्यवहार मेलवर ठरत असेल तर बोलणी चालू असताना मजकुरातच लिहा: ‘हा अंदाजे भाव आहे, पक्की ऑर्डर पीओ (परचेस ऑर्डर) मिळाल्यावर.’

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, २१ अक्षरी सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन आणि ईमेल लागतो. मेलमधून पत्रव्यवहार चालणाऱ्या अनेक कंपन्या म्हणूनच हा तपशील सिग्नेचरमध्ये ठेवतात. सीएंना विचारून तुमच्यासाठी ठरवा. जीएसटी नंबर बिलावर हवा, प्रत्येक मेलखाली गरज नाही. त्याच्या १५ अक्षरांत तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो, आणि एकट्याच्या मालकीच्या दुकानात तो मालकाचा वैयक्तिक पॅन असतो.

बँक खात्याचा नंबर, आधार, यूपीआयचा क्यूआर सिग्नेचरमध्ये अजिबात नको. फसवणारे जुना मेल मिळवतात, सिग्नेचर जशीच्या तशी उचलतात आणि ‘आमचं खातं बदललं आहे’ असा मेल गिऱ्हाइकाला पाठवतात. खाली ओळखीचं नाव पाहून पैसे जातात. नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकदा स्पष्ट सांगून ठेवा की खाते बदलाचा मेल आला तर जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करूनच खात्री करायची, त्या मेलखाली छापलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

शेवटची तपासणी

बदल झाल्यावर प्रत्येक अ‍ॅपमधून पुन्हा मेल पाठवा, पण आता दोन ठिकाणी: स्वतःला आणि वेगळ्या कंपनीचा मेल वापरणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला. त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवा, एक साध्या आणि एक डार्क मोडमध्ये. त्याला उत्तर द्यायला सांगा, तुम्ही परत उत्तर द्या, असं तीनदा. सिग्नेचर दोनदा येतेय का, उत्तराच्या वर येतेय की सगळ्या जुन्या मजकुराच्या तळाशी, हे इथेच कळतं. जीमेल वारंवार येणारा मजकूर तीन ठिपक्यांमागे दुमडतं, त्यामुळे फक्त सिग्नेचरमध्ये असलेला महत्त्वाचा तपशील उत्तरात दिसेलच असं नाही. डिलिव्हरीचा पत्ता किंवा सुट्टीची सूचना म्हणूनच मजकुरात लिहायची.

मग एक मेल छापून पाहा. सरकारी कार्यालयात आलेला मेल अजूनही पुष्कळदा छापून आवक होतो आणि नस्तीला लागतो. सिग्नेचर लांब असेल तर दुसऱ्या पानावर फक्त तीच उमटते, आणि ते पान निघून गेलं की अर्ज कोणाचा हेच कागदावर उरत नाही. म्हणून अर्जाच्या मजकुराच्या शेवटी पूर्ण नाव आणि मोबाईल हाताने लिहा, सिग्नेचर असली तरी.

मोजणीचा कागद जपून ठेवा. नंबर, हुद्दा किंवा पत्ता बदलला की त्यातली प्रत्येक जागा बदलायची. नवा फोन घेतला किंवा अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की कंपनीची ओळ परत येऊ शकते, तेव्हा नव्या फोनवरून पहिला मेल गिऱ्हाइकाला न पाठवता स्वतःलाच पाठवा.